डी-फोर काका

कुठल्याही बुद्धिबळ स्पर्धेला जा. पुण्यातली असो, सांगलीची असो, नाहीतर साताऱ्याकडच्या एखाद्या मंगल कार्यालयात भरलेली असो. भिंतीवर पेअरिंगचा कागद चिकटला की त्यापुढे आधी मोबाइल उंचावलेल्या आयांची गर्दी होते, मग त्यांच्या कोपराखालून मुलं घुसतात, आणि सगळ्यांत मागे, चष्मा कपाळावर सरकवून "अरे, माझं बोर्ड कितवं आलंय बघ जरा" असं कुणालाही फर्मावणारे एक काका उभे असतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, त्यावर मे महिन्यातसुद्धा बिनबाह्यांचा स्वेटर ("हॉलमध्ये एसी असला म्हणजे?"), खिशाला दोन पेनं, खांद्याला शबनम. शबनममध्ये ताकाची बाटली, राजगिऱ्याचे लाडू आणि जुन्या डावांची लांबुडकी वही. बोर्ड कळलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "पांढरी की काळी?" पांढरी म्हटलं की चेहरा उजळतो. पांढरी म्हणजे डी-फोर.

आमच्या डी-फोर काकांचं खरं नाव स्पर्धेच्या यादीत व्यवस्थित छापलेलं असतं, पण ते वाचल्यावर हे कोण बुवा, असा प्रश्न आर्बिटरलाही पडतो. पाटबंधारे खात्यात हयात गेली, निवृत्त झाले, आणि पेन्शनचा पहिला हप्ता जमा व्हायच्या आत त्यांनी फिडेचं रेटिंग मिळवण्याचा संकल्प सोडला. तेव्हापासून महिन्यातला एक तरी शनिवार-रविवार काकांचा मुक्काम कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये असतो. पासष्टी उलटल्यामुळे एसटीचं अर्धं तिकीट. परगावी जायचं असलं की सोबतीला मी. मी ई-फोर खेळतो, म्हणजे त्यांच्या हिशेबी अजून वयात न आलेला.

वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, यापलीकडची पहिली खेळी काकांनी केलेली मी पाहिलेली नाही. त्यामागचा सिद्धांत ते मला दर प्रवासात नव्याने सांगतात. "हे बघ, डी-फोरला प्यादं टाकलं की त्याच्या पाठीशी वजीर उभा असतो. तुझ्या ई-फोरच्या मागे कोण? राजा! तो स्वतःलाच सांभाळत नाही, तो प्याद्याला काय सांभाळणार? खात्यात सहीचा साहेब पाठीशी असल्याशिवाय मी साधा कागदसुद्धा पुढे सरकवला नाही कधी." बुद्धिबळाच्या पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, सहीच्या साहेबाशिवाय. त्यामुळे वाद घालता येत नाही.

ती खेळी करण्याची रीतही ठरलेली. आधी समोरच्याशी हस्तांदोलन. मग "सावरतो हं" म्हणून आपल्या सोळाच्या सोळा सोंगट्या घरांच्या मध्यावर आणायच्या. दोन्ही घोड्यांची तोंडं वजिराकडे वळवायची. समोरच्याचा एखादा घोडा पाठ फिरवून उभा असला तर तोही सरळ करायचा मोह होतो, पण तो आवरतात. नंतर पेनाचं टोपण काढून स्कोअरशीटवर खेळी आधी लिहायला जातात, मग आर्बिटरने मागे दिलेली तंबी आठवते (खेळी आधी करायची, मग लिहायची) आणि टोपण परत लावतात. मग प्यादं. उचलत नाहीत, सरकवतात. तिसऱ्या घरावर क्षणभर रेंगाळतं, कारण काकांच्या आजोबांनी शिकवलेल्या देशी डावात प्यादं एकच घर चालायचं, आणि ती जुनी शिस्त बोटांमध्ये अजून शिल्लक आहे. मग चौथं घर. घड्याळ दाबलं की बाटलीचं झाकण उघडून ताकाचा एक घोट. एवढं होईपर्यंत शेजारच्या बोर्डावरच्या दहा वर्षांच्या पोराची सिसिलियन बचावाची आठवी खेळी झालेली असते.

पुढचंही सगळं पाठ. दुसऱ्या-तिसऱ्या खेळीला काळ्या घरांवरचा उंट एफ-फोरला, मग ई-थ्री, सी-थ्री, घोडे आपापल्या जागी, कॅसलिंग, आणि खिडकी म्हणून एच-थ्री. याला जगभर लंडन सिस्टीम म्हणतात. समोरचा काय खेळतो याची फारशी दखल घ्यावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण काकांच्या मते. ही पद्धत म्हाताऱ्यांची म्हणून हिणवली जायची तेव्हापासून काका खेळतात. मग कार्लसन ती खेळू लागला. 2023 साली अस्तानाला जगज्जेतेपदाच्या सामन्यात सहाव्या डावात डिंग लिरेनने हीच मांडणी करून नेपोम्नियाचीला हरवलं, तेव्हा काका सकाळी सातला माझ्या दारात. "बघ! आलाच शेवटी माझ्या वाटेवर." डिंगने काकांचे डाव पाहिले असण्याची शक्यता त्यांनी पूर्णपणे नाकारलेली नाही.

इतिहास काकांना तोंडपाठ आहे, पण तो सगळा डी-फोरच्या खिडकीतून पाहिलेला. 1927 साली ब्युनॉस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखाइन 34 डाव खेळले, त्यांतल्या 32 डावांत वजिराचा गँबिट नाकारलेला. 25 डाव बरोबरीत सुटले. हे सांगताना काकांचे डोळे पाणावतात. "आणि एकालाही कंटाळा आला नाही रे!" कापाब्लांका हरला, हे ते सांगत नाहीत. हरला, पण डी-फोरमध्ये हरला.

बॉनची गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच सांगू शकतो. 2008. आनंद विरुद्ध क्रामनिक. आनंद जन्मभर ई-फोर खेळलेला, आणि या सामन्यात पांढरी मोहरी मिळाल्यावर एकदम डी-फोर. सगळं जग चकित. आनंद साडेसहा-साडेचारने जिंकला. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, पण आनंदने जिंकलेल्या तीन डावांपैकी दोन काळ्या मोहऱ्यांनी जिंकले होते. डी-फोर क्रामनिक खेळला होता." काका जरा थांबले, लाडवाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून डी-फोरच होतं ना?"

सुलतान खान हे त्यांचं दैवत. पंजाबातला एका सरदाराच्या पदरी असलेला माणूस, देशी नियमांवर वाढलेला, म्हणजे काकांच्या आजोबांसारखाच एकेक घर प्यादं चालवणारा. विलायतेला गेला आणि 1929, 1932 आणि 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला. हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवून बसला. फिडेने 2024 साली त्याला मानद ग्रँडमास्टर केलं, जाऊन अनेक वर्षं झाल्यावर. ही बातमी काकांनी कापून वहीत चिकटवली आहे. "मिळतं, उशिरा का होईना," असं म्हणून ते वही मिटतात, तेव्हा कुणाबद्दल बोलताहेत ते विचारायची माझी हिंमत होत नाही.

रेटिंगचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. मोठ्या जिद्दीने मिळवलेलं काकांचं रेटिंग घसरत घसरत 1312 वर आलं होतं. 1 मार्च 2024 ला फिडेने रेटिंगची रचना बदलली: किमान पातळी 1400 केली, आणि 2000 च्या खाली जे कोणी होते त्यांना 2000 पर्यंतच्या अंतराच्या चाळीस टक्के एवढी एकदाच वाढ दिली. काका एका रात्रीत, प्यादंही न हलवता, 1587 झाले. सोसायटीत पेढे वाटले. लिफ्टमध्ये भेटेल त्याला "दोनशे पंचाहत्तरने वाढलं" असं सांगत होते. काकूंनी विचारलं, "पेन्शन?" नाही म्हटल्यावर त्या पेढ्याचा बॉक्स घेऊन आत गेल्या. ती वाढ सगळ्यांनाच मिळाली होती, ज्या पोरांकडून काका हरत होते त्यांनाही, ही गोष्ट मी पेढा खाताना काढली नाही.

काकूंना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, आणि निकाल मात्र दार उघडल्या उघडल्या कळतो. काका "काय केलंयस आज?" म्हणत आले तर जिंकले. "आज गर्दी फार होती" म्हणाले तर हरले. बरोबरी झाली असेल तर आधी पाणी मागतात.

हरणं हा शब्द काकांच्या कोशात नाही. डाव एकतर "हातचा गेला" असतो, नाहीतर "टेक्निकली माझाच होता." खरे जिंकायचे डाव काका हॉलबाहेर जिंकतात. डाव संपला, दोघांनी सह्या केल्या, की बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पोस्टमॉर्टेम. तिथे घड्याळ नसतं, टच-मूव्ह नसते, आणि समोरचा पोरगा वडापाव खाण्यात गुंतलेला असतो. "हा उंट मी इथे न ठेवता इथे ठेवला असता, तर?" पोरगा तोंडात घास घेऊन एक खेळी दाखवतो. "बरं, मग हत्ती इकडे." पोरगा दुसरी दाखवतो. असं करत काका डाव इतका मागे नेतात की शेवटी पटावर एकटं डी-फोर उरतं. "इथे पोझिशन माझी बरी आहे. मान्य?" पोरगा मान डोलावतो, कारण त्याची आई हाक मारत असते. काका माझ्याकडे वळून म्हणतात, "मान्य केलं त्याने."

बरोबरी मागण्याचीही त्यांची एक खास तऱ्हा आहे. नियम असा की आपली खेळी करायची, प्रस्ताव मांडायचा, मग घड्याळ दाबायचं. काका ड्रॉ हा शब्द वापरत नाहीत. पटावर थोडं पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणतात, "काय मग? मिटवायचं?" खात्यातले जुने सहकारी यावर हात पुढे करतात. पण एका आठ वर्षांच्या पोराने सरळ हात वर करून आर्बिटरला बोलावलं होतं: "सर, हे काका मला काहीतरी मिटवायला सांगतायत."

बक्षिसाचा मात्र काका पूर्ण हिशेब ठेवतात. नावनोंदणीच्या टेबलापाशी प्रवेश फी भरताना पहिली चौकशी, "साठीच्या वरचे किती आलेत?" उत्कृष्ट ज्येष्ठ खेळाडूचा चषक हे त्यांचं हक्काचं कुरण. समोर कोणी नवा पांढऱ्या केसांचा माणूस दिसला की काका जवळ जाऊन गोडीने तब्येत विचारतात, आणि परत येऊन मला सांगतात, "गुडघा दुखतोय म्हणाला. सगळे राउंड बसणार नाही तो."

तर, साताऱ्याची स्पर्धा. 90 मिनिटं आणि दर खेळीला वर 30 सेकंद. काकांना पांढरी, समोर एक नऊ वर्षांची मुलगी. दोन वेण्या, पाय जमिनीला टेकत नाहीत, पाण्याच्या बाटलीवर युनिकॉर्न. माझं बोर्ड शेजारीच, त्यामुळे माझ्या स्वतःच्या डावाचं जे काय व्हायचं ते झालं, पण हा डाव मी पहिल्यापासून पाहिला.

सावरतो हं. घोडे वळले. टोपण निघालं, लागलं. डी-फोर. ताक.

मुलीने पुढच्या क्षणी ई-फाइव्ह केलं. राजापुढचं प्यादं सरळ काकांच्या प्याद्याच्या तोंडी. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोर नवीन आहे, असं त्या नजरेत होतं. प्यादं मारलं. तिने घोडा काढला, काकांनी घोडा काढला. तिने वजीर आपल्याच राजापुढे ई-सेव्हनला आणून ठेवला, स्वतःच्या उंटाची वाट बंद करून. काकांनी मान हलवली. हल्लीच्या क्लासवाल्यांबद्दलचं त्यांचं सगळं मत त्या हलण्यात आलं. आणि मग त्यांचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, डोक्याला न विचारता, उंट घेऊन एफ-फोरला गेला.

मुलगी छताकडे बघत होती. वजीर बी-फोर, शह. एका खेळीत राजाला शह, उंटावर डोळा आणि बी-टूच्या प्याद्यावरही डोळा. काकांनी उंट मध्ये आणला. तिने बी-टूचं प्यादं खाल्लं. आता तिचा वजीर एकटा काकांच्या घरात घुसलेला. काकांनी स्वेटर खाली ओढला, पुढे सरसावले आणि मोठ्या समाधानाने उंट सी-थ्रीला ठेवला: वजिरावर हल्ला! ताकाचा मोठा घोट घेतला. तिचा उंट बी-फोरला आला.

आता काकांचा उंट राजापुढे जखडलेला. हलता येत नाही, तर वजीर मारायचा कुठला? हे लक्षात यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि आल्यावर त्याहून जास्त. चष्मा काढला, पुसला. मधे एकदा माझ्याकडेही पाहिलं, पण मी त्या वेळी माझ्या पटात फार गुंतलो आहे असं दाखवत होतो. शेवटी वजीर डी-टू. तिने उंट मारला, काकांनी वजिराने परत मारला, आणि तिने आपला वजीर अलगद सी-वनला सरकवला. मग खुर्चीवरून थोडी वर उठून, आजूबाजूच्यांना त्रास होणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मात."

आठ खेळ्या. तिच्या घड्याळात डाव सुरू होताना होता त्याहून जास्त वेळ शिल्लक होता. काकांनी हात मिळवला, राजे पटाच्या मध्यावर ठेवले, सही केली. बाहेर आल्यावर मोठ्या उमेदीने पोस्टमॉर्टेमला बसवलं तर ती म्हणाली, "तिथे उंट नाही खेळायचा. घोडा सी-थ्री खेळायचा. मग मीच हरते, आजोबा." सगळीकडे काका म्हणून वावरलेल्या माणसाला हा शेवटचा शब्द मातेपेक्षा जड गेला असावा. पण शबनममधून राजगिऱ्याचा लाडू निघाला आणि तिच्या हातात गेला. तिने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान डोलावली, लाडू संपला.

परतीच्या एसटीत काका गप्प. खंबाटकीच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा शेजारून आवाज आला, "चार खेळ्या होईपर्यंत एक प्यादं वर होतो मी." खरं होतं. मी तसं म्हटलं. शिरवळपर्यंत ते पुष्कळ सावरले. घरी दार उघडल्यावर काकूंना म्हणाले, "आज गर्दी फार होती."

त्यानंतर महिनाभर त्या सापळ्याने सोसायटीत उच्छाद मांडला. त्याला एंग्लुंड गँबिट म्हणतात हे काकांनी शोधून काढलं, वहीत लाल पेनने लिहिलं, आणि भेटेल त्याला दाखवायला सुरुवात केली. वॉचमनला दाखवला. इस्त्रीवाल्याला दाखवला, कपडे परत द्यायच्या आधी. दाखवताना पांढरी बाजू समोरच्याला द्यायची आणि त्याचा हात धरून एफ-फोर, मग सी-थ्री खेळवून घ्यायचं. शेवटी स्वतः वजीर सी-वनला सरकवून अगदी हळू म्हणायचं, "मात." माझी त्यांना एकच विनंती होती, की घोडा सी-थ्री खेळला तर काय होतं तेही बघून ठेवा. "कोण खेळतंय!" असं उत्तर मिळालं.

मे महिन्यात सांगलीला गेलो. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं आणि नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव. तिथे काका चप्पलसुद्धा जरा जपून काढतात. दुसऱ्या राउंडला त्यांच्याकडे काळी मोहरी. समोर पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा माणूस. त्याने सोंगट्या नीट मध्यावर आणल्या. घोड्यांची तोंडं वळवली. मी माझ्या बोर्डावरून मान वर केली. त्याने प्यादं सरकवलं: डी-फोर.

काका कितीतरी वेळ त्या प्याद्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात निघाला, डी-सेव्हनच्या प्याद्यावर घुटमळला आणि ई-फाइव्ह करून आला. स्कोअरशीटवर लिहिताना पेन हलत होतं. त्या माणसाने प्यादं मारलं. घोडा. घोडा. वजीर. आणि त्याचा उंट अगदी मुकाट्याने एफ-फोरला गेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. शह. उंट मध्ये. वजिराने प्यादं खाल्लं. काका छताकडे बघू लागले.

त्याने घोडा सी-थ्रीला ठेवला.

काका बराच वेळ छताकडेच बघत होते, त्यामुळे त्यांना ते जरा उशिरा कळलं. पुढचा डाव मी सांगत नाही. वजीर कसाबसा बाहेर आला, पण त्यापायी बाकी सगळं आत अडकलं. बाहेर खुर्च्यांवर आले तेव्हा रागाने लाल झाले होते. इतक्या वर्षांत इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्या मुलीपुढे हरले तेव्हाही नाही.

"डी-फोर खेळायला बसतात आणि अभ्यास शून्य!" ताकाच्या बाटलीचं झाकण फिरवत ते म्हणाले. "अरे, तिथे उंटच सी-थ्रीला यायला हवा. मी स्वतः खेळलोय."